फ्लॉरेन्सच्या घुमटाचं ‘हरवलेलं रहस्य’: एका फॉरवर्डचा समाचार

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलबद्दल (सांता मारिया देल फ्योरे) एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ‘इतका मोठा घुमट कसा बांधायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. ब्रुनेलेस्की नावाच्या एका सोनाराने अंडं उभं करून स्पर्धा जिंकली आणि परांचीशिवाय, नकाशाशिवाय, एकट्याच्या डोक्याने घुमट उभा केला. रहस्य त्याच्याबरोबर गेलं. आजच्या इंजिनिअरांनाही ते उलगडलेलं नाही, आणि सहाशे वर्षांत घुमटाला साधा तडा नाही.’

यातलं सोनाराचं तेवढं खरं आहे. ब्रुनेलेस्कीचं शिक्षण सोनारकामातच झालं होतं. बाकीचं एकेक पाहू.

‘कोणालाच माहीत नव्हतं, सगळं त्या एकट्याचं.’

कॅथेड्रलचा पाया 1296 मध्ये आर्नोल्फो दि कांब्योच्या आराखड्यावर घातला गेला. घुमटाचा आकार ठरला 1367 मध्ये, म्हणजे ब्रुनेलेस्कीच्या जन्माच्या दहा वर्षं आधी. नेरी दि फ्योरावांती आणि त्याच्या सहकाऱ्यांचा नमुना तेव्हा मंजूर झाला: आठ बाजू, टोकदार उंची, बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी अजिबात नाहीत. टोक किती काढायचं याचंही माप ठरलेलं होतं. आतला कोपरा ते समोरचा कोपरा हे अंतर साधारण 45 मीटर. त्याचे पाच भाग करायचे आणि चार भागांची त्रिज्या धरून कमानीचा बाक काढायचा. म्हणजे त्रिज्या सुमारे 36 मीटर. अर्धगोलापेक्षा असा उभट घुमट भिंतींना बाहेर कमी ढकलतो.

1418 ची स्पर्धा ‘आकार सुचवा’ अशी नव्हतीच. आकार ठरलेला होता, प्रश्न बांधणीचा होता. 1420 मध्ये काम सुरू झालं तेव्हा ब्रुनेलेस्कीच्या बरोबरीने शिल्पकार लोरेन्झो गिबर्टीची नेमणूक झाली, दोघांना सारखाच पगार, आणि मुख्य गवंडी म्हणून बात्तिस्ता द’अंतोन्यो. पुढे ब्रुनेलेस्कीने गिबर्टीला मागे टाकलं, 1426 मध्ये त्याचा पगारही बराच वाढला. त्याचं श्रेय कमी करायचं कारण नाही, पण ‘एकटा’ हा शब्द काढावा लागेल.

अंड्याची गोष्ट कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वाझारीने 1550 मध्ये छापली, स्पर्धेनंतर 132 वर्षांनी. स्पर्धेसाठी ब्रुनेलेस्कीने खरोखर केला तो विटांचा मोठा नमुना, खालून आधाराचा लाकडी साचा न लावता बांधलेला.

‘नकाशा नाही, कागद नाही.’

1420 चा बांधकामाचा लेखी कार्यक्रम आजही उपलब्ध आहे. त्यात मापं ब्राच्चोमध्ये आहेत (एक ब्राच्चो साधारण 58 सेंटीमीटर). घुमटाला एकात एक अशी दोन कवचं. आतलं कवच तळाशी पावणेचार ब्राच्चो, म्हणजे सुमारे 2.2 मीटर जाड, वर अडीच ब्राच्चोपर्यंत कमी होत जाणारं. बाहेरचं कवच तळाशी सव्वा ब्राच्चो, वर पाऊण ब्राच्चोहूनही कमी. दोन्हींमध्ये दोन ब्राच्चोंची पोकळी. दोन्ही कवचं जोडणाऱ्या 24 उभ्या फासळ्या: आठ कोपऱ्यांत, सोळा बाजूंवर. घुमटाला कड्यासारख्या वेढणाऱ्या, लोखंडी पट्ट्यांनी जोडलेल्या दगडांच्या साखळ्या आणि एक लाकडी साखळी. खाली दगड, वर हलकं बांधकाम. 30 ब्राच्चोंच्या, म्हणजे सुमारे साडेसतरा मीटरच्या वर काय करायचं ते तिथे पोहोचल्यावर ठरवू, असंही त्यात सरळ लिहिलं आहे. कारण बांधकामात पुढचं काम अनुभवच शिकवतो. 1426 मध्ये सुधारित कागद निघाला आणि विटांची रचना, बाक तपासायची दोरी यांची त्यात भर पडली. त्याच सुमारास जोव्हान्नी दा प्रातो याने आकृतीसह तक्रार लिहिली की बाक चुकतो आहे आणि आत अंधार पडेल. ते चर्मपत्रही टिकून आहे. इतकं गुप्त काम असतं तर विरोधकाला त्याची भूमिती कशी कळली असती?

‘परांचीशिवाय बांधला.’

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. परांची म्हणजे गवंड्याने उभं राहायची जागा, ती होतीच. भिंतीतल्या चौकोनी भोकांत तुळया खोवून फळ्यांचे मंच केले जात, आणि 1426 च्या कागदात गवंड्यांच्या सुरक्षेसाठी आतल्या बाजूला कठड्याचीही तरतूद आहे. नव्हतं ते सेंटरिंग, म्हणजे चुना घट्ट होईपर्यंत कमान खालून तोलून धरणारा लाकडी साचा. घुमट सुरू होतो तोच जमिनीपासून पन्नास मीटरहून वर. तिथपर्यंत जाणाऱ्या साच्याला लागणारं लाकूड आणि त्याचं स्वतःचं वजन, दोन्ही आवाक्याबाहेरचं होतं.

मग विटा पडल्या कशा नाहीत? थर आडवे नव्हते, आत कललेले होते, आणि वर जाताना हा कल वाढत जातो. थराचा कल साधारण 30 अंशांच्या पलीकडे गेला की ओल्या चुन्यावरची वीट घसरू लागते. पूर्ण झालेला थर हा बंद कडं असतो. त्यातल्या विटा एकमेकींना दाबून धरतात, त्यामुळे तो आत कोसळत नाही. धोका अर्धवट थराला. म्हणून आडव्या विटांच्या ओळीत ठरावीक अंतराने एक वीट उभी रोवायची. ती आधीच्या घट्ट झालेल्या थरात अडकलेली असते आणि नव्या थराच्या वर डोकं काढते. दोन उभ्या विटांच्या मध्ये बसलेल्या चार-पाच विटा पाचरीसारख्या अडकतात, घसरायला जागाच उरत नाही. पुढच्या थरात उभी वीट थोडी बाजूला सरकवायची. असं करत घुमटभर तिरक्या, नागमोडी रेषा चढत जातात. इटालियनमध्ये या रचनेला माशाचा काटा म्हणतात.

यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. आठही बाजू एकाच वेळी वर न्यायच्या. एक बाजू पुढे गेली तर कडं बंदच होत नाही. आणि कवच इतकं जाड हवं की अष्टकोनाच्या जाडीच्या आतच एक अखंड वर्तुळ बसेल, कारण दाब वर्तुळातून फिरतो, कोपऱ्यात तो तुटतो. आतलं कवच तेवढं जाड आहे. बाहेरचं पातळ, म्हणून त्याला आतून नऊ आडव्या कमानींची जोड देऊन ते वर्तुळ पुरं केलं.

अभ्यासकांचा वाद आहे तो विटा जागेवर तपासायची दोरी नेमकी कुठून कुठे ताणली जात होती, यावर. वाद चांगला तापलेला असतो, पण तो मोजणीच्या एका साधनाचा आहे. त्यावरून अख्खा घुमट ‘न उलगडलेला’ ठरत नाही.

माल वर नेणारं यंत्रही हरवलेलं नाही. बैल फिरवत असलेल्या उभ्या दांड्यावर वर-खाली दोन आडवी चाकं होती. स्क्रूने दांडा थोडा उचलला की एक चाक दातांत बसे, खाली घेतला की दुसरं. बैल त्याच दिशेने चालत राहत आणि दोर उलटा फिरे, म्हणून दर खेपेला जोडी सोडून वळवावी लागत नसे. अभियंता ताक्कोला, लोरेन्झोचा नातू बोनाक्कोर्सो गिबर्टी आणि लिओनार्दो दा विंची, तिघांनीही याची चित्रं काढून ठेवली आहेत.

जाता जाता: फॉरवर्डबरोबर ‘मध्ययुगीन कलाकुसर’ म्हणून जो पांढरा-हिरवा-गुलाबी दर्शनी भाग दाखवतात, तो एमिलिओ दे फाब्रिसच्या आराखड्याचा आणि 1887 मध्ये पूर्ण झालेला आहे. जुना अर्धवट दर्शनी भाग 1587 मध्ये पाडला गेला. घुमटाच्या आतलं ‘अंतिम न्याया’चं भित्तिचित्रही 1572 ते 1579 मधलं, वाझारी आणि झुक्कारीचं.

‘साधा तडा नाही.’

तडे आहेत, मोठे आहेत, आणि निदान सतराव्या शतकापासून नोंदलेले आहेत. घुमटाच्या तळाशी कड्याला बाहेर फाकवणारा ताण असतो, आणि वीट-चुना ताण फारसा सोसत नाही. आठपैकी चार बाजू भरीव खांबांवर टेकतात, चार मोठ्या कमानींवर. मुख्य तडे खांबांवरच्या चार बाजूंत आहेत आणि भित्तिचित्रातून सरळ वर गेलेले दिसतात. लाकडी साखळी आणि दगडी साखळ्या हा ताण पुरा पेलू शकल्या नाहीत. 1690 च्या दशकात विव्हियानी आणि नेल्ली यांच्या समितीने बाहेरून लोखंडी कडी घालायला सांगितलं होतं. वाद झाला आणि ती कधीच बसवली गेली नाहीत. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून दीडशेहून अधिक उपकरणं हे तडे मोजत आहेत. ऋतूप्रमाणे ते उघडतात-मिटतात, आणि त्याखेरीज शतकाला काही मिलिमीटर या गतीने रुंदावतात.