आठ तासांत कोझुमेल ते चिचेन इत्झा? हा मेसेज पुढे पाठवू नका

‘कोझुमेलला जहाज आठ तास थांबतं. जहाजाची महागडी टूर घेऊ नका. फेरीबोट पकडा, पलीकडे गाडी करा, चिचेन इत्झा बघून आरामात परत या.’ अशा सुरुवातीचा, मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावरून चिचेन इत्झा या प्राचीन माया नगरीचे अवशेष बघायला जाण्याबद्दलचा सात मुद्द्यांचा मेसेज मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. मुलांकडे अमेरिकेत आलेले आईवडील मायामी किंवा गॅल्व्हेस्टनहून क्रूझला निघाले, की कुणीतरी तो त्यांना पाठवतंच. माझ्या आत्याने तर त्यावर विसंबून गाडीचे पैसे भरायला घेतले होते. म्हणून हे उत्तर.

‘आरामात’ लिहिणाऱ्याने घड्याळ मांडून बघितलेलं नाही. आपण मांडू. कोझुमेल हे बेट आहे आणि चिचेन इत्झा मुख्य भूमीवर, तेही आत, शेजारच्या युकातान राज्यात. समजा जहाज सकाळी ८ ला धक्क्याला लागलं आणि ४:३० ला सगळ्यांनी परत चढायचं आहे. उतरायला परवानगी मिळून बाहेर पडेपर्यंत ८:३०. तीन धक्क्यांपैकी एकच, पुंता लांगोस्ता, गावात आहे. उरलेल्या दोन्हींवरून फेरीच्या जेट्टीपर्यंत टॅक्सी लागते. सगळं जुळलं तर ९ ची फेरी. मुख्य भूमीवरच्या प्लाया देल कारमेनला ९:४५. चालत जाऊन गाडीत बसेपर्यंत १०. पुढे साधारण १८० किलोमीटर, म्हणजे अडीच तास. पोहोचलात १२:३० ला.

आता उलटं मोजा. ४:३० ला जहाजावर असायचं तर ३ ची फेरी ही शेवटची. तिच्यासाठी प्लायाला २:४५ ला हवं. म्हणजे चिचेन इत्झाहून १२:१५ ला निघायला हवं. पोहोचण्याच्या पंधरा मिनिटं आधी! जहाज दहा तास थांबणारं असेल तर पाऊण ते एक तास हाती लागतो. तिथे तिकिटं दोन घ्यावी लागतात, एक केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचं आणि एक राज्याचं, आणि भर दुपारी त्या रांगेतच हा वेळ संपतो. पिरॅमिड, चेंडूचं मैदान आणि पवित्र सेनोटे (पाण्याचा नैसर्गिक खड्डा) नीट बघायला अडीच तास तरी हवेतच.

हे झालं सगळं सुरळीत गेलं तर. हिवाळ्यात उत्तरेकडून ‘नोर्ते’ वारे सुटतात. तेव्हा बंदराचा अधिकारी लहान बोटींची वाहतूक थांबवतो आणि फेरीही बंद होते. सकाळी समुद्र शांत बघून तुम्ही पलीकडे गेलात आणि दुपारी वारा सुटला, तर जहाज समोर दिसत असूनही तुम्ही प्लायाच्या किनाऱ्यावरच. ‘आता माया ट्रेन आहे’ (म्हणजे तिथली नवी रेल्वे) ही मेसेजमधली पुस्तीही कामाची नाही. स्टेशनं गावाबाहेर, गाड्या मोजक्या, आणि बेटावरून फेरीने जाणं तर टळत नाहीच.

सर्वांत घातक वाक्य याच्या पुढचं आहे: ‘पंधरा-वीस मिनिटं उशीर झाला तरी घाबरू नका, जहाज थांबतंच, फोनवर वेळ आपोआप बदलते.’ एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्ही मिळून माणसाला परदेशात अडकवतील अशा.

जहाज थांबतं ते जहाजाच्या स्वतःच्या सहलीसाठी. ती बस रखडली तर कंपनी वाट बघते किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवायची सोय करते. स्वतःहून गेलेल्यासाठी असं काही बंधन नाही. पटत नसेल तर तिकिटासोबत येणारा प्रवासकरार उघडा. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या करारांत हे स्पष्ट लिहिलेलं असतं: वेळेवर परतणं ही प्रवाशाची जबाबदारी, आणि जहाज चुकलं तर पुढचा सगळा खर्च त्याचाच. भारतीय पासपोर्टवाल्याची अडचण याहून मोठी. अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोत राहता येतं, हे ठीक. पण पुढचं बंदर तिसऱ्याच देशात असेल, तर जहाजातून उतरणाऱ्याला मिळणारी व्हिसाची सवलत विमानाने येणाऱ्याला मिळेलच असं नाही. म्हणून लांब जाणार असाल तर मूळ पासपोर्ट, औषधं आणि एक कार्ड अंगावर ठेवा, केबिनच्या तिजोरीत नको.

आणि फोन. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, तिथे २०१५ पासून वर्षभर एकच वेळ चालते, उन्हाळ्यात घड्याळ पुढे जात नाही. मायामीत मात्र जातं. त्यामुळे उन्हाळ्यात मायामीहून निघालेल्या जहाजाने आपलं घड्याळ बदललं नसेल, तर जहाजावर ४:३० वाजलेले असताना फोन ३:३० दाखवतो. चिचेन इत्झाच्या बाजूला राज्याची हद्द ओलांडली की आणखी एक तास मागे. ‘अजून दोन तास आहेत’ म्हणून निवांत जेवायला बसलेला माणूस प्रत्यक्षात जहाजाला मुकलेला असतो. उपाय साधा आहे: फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करा, मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि उतरताना परतीची वेळ दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारून घ्या.

‘पिरॅमिडवर चढून फोटो काढा’: चिचेन इत्झाच्या मुख्य पिरॅमिडवर चढणं २००६ पासून बंद आहे. दोरी ओलांडलीत तर पहारेकरी खाली उतरवतील आणि पुढचं पोलीस बघतील.

‘सावलीचा साप उतरताना बघा’: पिरॅमिडच्या पायऱ्यांच्या कडेला ऊन-सावलीतून सापासारखा आकार दिसतो, तो हा. तो २० मार्च आणि २२ सप्टेंबरच्या आसपास, तेही संध्याकाळकडे झुकलेल्या उन्हात दिसतो. दिवसाच्या क्रूझवाल्याच्या नशिबात ती वेळ नाही. टाळी वाजवली की पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो, हे मात्र खरं आहे. एवढं श्रेय मेसेजला द्यावं लागेल.

‘माया लोक एका रात्रीत नाहीसे झाले, मुळात ही नगरं आपल्या मयासुराने बांधली’: हे वाचून चीड येते. सभापर्वातला मयासुर इंद्रप्रस्थाची सभा बांधतो. तिथून मेक्सिकोपर्यंत त्याला नेणारा एकही पुरावा नाही. माया लिपी आज वाचता येते. युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने १९५२ मध्ये तिची वाट उघडली. पालेंके या माया नगरीतल्या शिलालेखांवरून पाकाल राजाचा जन्म ६०३, राज्यारोहण ६१५ आणि मृत्यू ६८३, इतकं नेमकं कळतं. दक्षिणेकडची मोठी नगरं ओस पडली ती नवव्या शतकाच्या आसपास, हळूहळू. इत्झा या माया गटाचं शेवटचं राज्य स्पॅनिशांच्या हाती पडलं ते १६९७ मध्ये. एकट्या मेक्सिकोत साडेसात लाखांहून अधिक लोक आजही युकातेक माया बोलतात. तुम्हाला आवार दाखवणारा गाईड त्यांच्यापैकी असू शकतो. त्याच्यासमोर हे बोलू नका.

शेवटचा मुद्दा, ‘लहान अवशेष बघण्यात अर्थ नाही’. उलट थोड्या वेळात तेच बघावेत. चिचेन इत्झाच हवं असेल तर युकातानच्याच प्रोग्रेसो बंदराला थांबणारं जहाज निवडा. तिथून ते साधारण दोन तासांवर आहे, फेरी नाही, तरीही जहाजाचीच टूर घ्या. धक्का साडेसहा किलोमीटर लांब आहे, तेव्हा किनाऱ्यापर्यंत बसने जाण्याचा वेळही धरा. कोझुमेलहून तुलुम शक्य आहे: प्लायापासून तासभर, समुद्राकाठची तटबंदीची नगरी, पण वारा बघून, आणि परतताना दोनच्या फेरीत बसायचं ठरवूनच. कोस्ता माया बंदराहून चाकचोबेनचे माया अवशेष तासाभरावर. शेजारच्या बेलीझ देशात, बेलीझ सिटीला जहाज दूर नांगरतं आणि टेंडर, म्हणजे किनाऱ्यापर्यंत ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीने यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, म्हणून तिथे वेळ ‘शेवटची टेंडर’ धरून मोजा. तिथलं ‘अल्तुन हा’ हे माया नगर सुमारे ५० किलोमीटरवर. साडेचार किलोच्या आसपास वजनाचं जेडमधलं सूर्यदेवाचं शिर १९६८ मध्ये इथेच सापडलं.

आणि ज्यांना धावपळ नकोच, त्यांच्यासाठी कोझुमेल बेटावरच सान हेर्वासियो हे माया अवशेषांचं ठिकाण आहे. इश्चेल देवीच्या दर्शनाला माया स्त्रिया समुद्र ओलांडून इथे येत. धक्क्यावरून टॅक्सीने अर्धा तास. भाडं जाण्या-येण्याचं मिळून आधी ठरवा आणि गाडी थांबवून ठेवा, परतीला तिथे टॅक्सी सहजी मिळत नाही. दीड तास पुरतो. सकाळी जा, पाणी आणि डासांचं मलम बरोबर न्या, वाटा खडबडीत आहेत म्हणून चपला नकोत, बूट घाला.