स्नायू चेतापेशीला 'सांगतो' म्हणजे नेमकं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फळमाशीच्या अळीचे स्नायू आणि त्यांना हलवणाऱ्या चेतापेशी यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ज्या माशीने तुमच्या बागेतला हापूस पोखरला तिचं मी कौतुक करतो आहे, 'स्नायू कमी पडला की चेतापेशीला सांगतो आणि बिघाड भरून निघतो' हे वाक्य गोष्टीत शोभेल, विज्ञानात नाही, आणि अशी भरपाई खरंच होत असेल, तर अर्धांगवायूनंतर दोन वर्षं झाली तरी तुमच्या भावाचा हात लुळा का? शेवटच्या प्रश्नामुळे उत्तराला आठवडा लागला. तो घाईत उरकण्यासारखा नाही.

आधी माशीचं. तुम्ही बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगता ते बॅक्ट्रोसेरासाठी, म्हणजे आंबा पोखरणाऱ्या माशीसाठी. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला वेगळी, पिकलेल्या केळ्यावर घिरट्या घालणारं ते बारीक चिलट. मराठीत दोघींना फळमाशीच म्हणतात. हे लेखात सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, चूक माझी.

'सांगतो' हा शब्द मात्र मी मागे घेणार नाही.

एमएस्सीला असताना मी अशा अळ्या उघडल्या आहेत. बाटलीच्या काचेवर चढलेली जाडजूड अळी कुंचल्याने अलगद उचलायची, दोन्ही टोकांना टाचणी लावायची, पाठीवरून उभी चीर द्यायची, आतडी काढायची आणि कातडी चारही बाजूंनी ताणून पसरायची. द्रावणात कॅल्शियम ठेवायचं नाही, म्हणजे ती आकसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायू काचेच्या पट्ट्यांसारखे ओळीने दिसतात. पोटाच्या बहुतेक खंडांत एकेका बाजूला 30 पट्ट्या, आणि एक पट्टी म्हणजे एकच पेशी. अंड्यातून बाहेर पडल्यापासून चार-पाच दिवसांत या पट्ट्यांची संख्या तेवढीच राहते, पण पृष्ठभाग सुमारे शंभर पट वाढतो. एवढ्या मोठ्या पेशीला हलवायला पहिल्या दिवशीचा विद्युतप्रवाह कसा पुरणार? म्हणून चेतापेशीच्या टोकावरच्या मण्यांसारख्या गाठीही दसपटीच्या आसपास वाढतात.

स्नायू किती वाढला हे चेतापेशीला कळतं कसं? स्नायू एक प्रथिन बाहेर सोडतो, त्याचं नाव 'ग्लास बॉटम बोट'. चेतापेशीवर ते ओळखणारा रिसेप्टर आहे, 'विशफुल थिंकिंग'. (माशीच्या जनुकांची नावं अशीच असतात.) या दोहोंपैकी काहीही बिघडवलं की मणी कमी पडतात आणि संदेश दुबळा होतो. प्रथिन नसलेल्या अळीत ते फक्त स्नायूंपुरतं परत दिलं, की मणी पुन्हा वाढतात. एकाने सोडलेला निरोप दुसऱ्याने ओळखला आणि त्याप्रमाणे केलं, तर त्याला 'सांगणं' का म्हणू नये?

याहून मला भावतो तो 1997 मधला, कोरी गुडमन यांच्या प्रयोगशाळेतला प्रयोग. चेतापेशी स्नायूवर ग्लुटामेट हे संदेशाचं रसायन सोडते ते पुड्यापुड्यांनी. ते ओळखणाऱ्या स्नायूवरच्या रिसेप्टरचा एक घटक जनुकातूनच काढून टाकला, तेव्हा एका पुडीचा परिणाम बराच उतरला. म्हणजे अख्खा संदेशही तितकाच दुबळा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो जवळपास पहिल्याएवढाच राहिला, कारण चेतापेशी जास्त पुड्या सोडू लागली होती. बिघाड स्नायूत केला होता, चेतापेशीला कुणी हातही लावला नव्हता.

आणि याला दिवस लागतात असंही नाही. मधमाश्यांची शिकार करणाऱ्या एका गांधीलमाशीच्या विषातलं फिलँथोटॉक्सिन स्नायूवरचे हेच रिसेप्टर अडवतं. 2006 मध्ये ग्रॅम डेव्हिस यांच्या गटाने दाखवलं, की हे विष टाकल्यापासून दहा मिनिटांच्या आत पुड्यांची संख्या वाढून संदेश पूर्ववत होतो. तेही चिरलेल्या अळीत! मला तर या दहा मिनिटांची अजून सवय झालेली नाही.

आता तुमच्या भावाचं. अर्धांगवायूत इजा मेंदूत होते. मेंदूतून मज्जारज्जूकडे येणारा हुकूमच तुटतो. मज्जारज्जूतली चेतापेशी आणि हाताचा स्नायू यांचा सांधा, म्हणजे त्यांची जोडणी, मात्र जागेवर असते. मी ज्या भरपाईबद्दल लिहिलं ती या सांध्यावरची आहे. वरून हुकूमच येत नसेल, तर चेतापेशीने पुड्या वाढवूनही हात उचलला जात नाही. त्यासाठी मेंदूतल्या उरलेल्या वाटा सरावाने कामाला लावाव्या लागतात. फिजिओथेरपी बंद केली असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून ती पुन्हा सुरू करता येईल का ते बघा. दोन वर्षं झाली म्हणून सोडून देऊ नका, ही मनापासूनची विनंती.

सांध्यावरचाच आजार म्हणजे मायस्थेनिया ग्रॅव्हिस. आपल्या स्नायूंवर ग्लुटामेटऐवजी ॲसिटिलकोलीन चालतं, आणि या आजारात शरीराचीच प्रतिपिंडं त्याच्या रिसेप्टरांवर उलटतात. पापण्या पडतात, घास चावता चावता जबडा थकतो. अशा रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे 1980 मध्ये तपासले, तेव्हा त्यांच्या चेतापेशी नेहमीपेक्षा जास्त रसायन सोडत असल्याचं आढळलं. म्हणजे माशीत दिसते तशी भरपाई माणसातही होते. तरीही रुग्ण थकतो, कारण तिला मर्यादा आहे.

इथेच तुमचा आक्षेप मला पटला. 'बिघाड भरून निघतो' हे मी चुकीचं लिहिलं होतं. 1997 च्या त्या अळीत रिसेप्टर शेवटपर्यंत अधूच राहिले, फक्त संदेश सावरला. मूळ लेखातलं वाक्य आज बदललं आहे: 'बिघाड तसाच राहतो, चेतापेशी जास्त रसायन सोडून काम चालू ठेवते.'