दसऱ्याला पिकअप बुक करायची की नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. राग धाकट्या भावाच्या काळजीपोटी आहे हे कळतं, म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या पिकअपच्या कर्जाचा हप्ता सर्वात रिकाम्या महिन्याच्या कमाईवर मोजा, असं मी लिहिलं होतं, त्यानं पोरं बिचकतात. जीएसटी कमी झाला, शोरूमवाले 25 हजारांच्या डाऊन पेमेंटवर गाडी द्यायला तयार आहेत, आणि टोमॅटोला भाव असतो तेव्हा नेमकी भाड्याची गाडी मिळत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "पोरानं जन्मभर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकीच करायची का?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, मुळीच नाही. 2005 साली टाटांचा छोटा हत्ती आला आणि दुसऱ्याच्या टेम्पोवर राबणारी कितीतरी पोरं स्वतःच्या गाडीची मालक झाली. तुमच्या भावानंही व्हावं. तो पाचव्या वर्षीही मालक राहावा, एवढ्याचसाठी हा सगळा हिशेब आहे.

आता जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे खरंच. आधी शोरूम किंमत 10 लाख असलेली गाडी त्यामुळे साधारण 9 लाख 22 हजारांना पडते, म्हणजे 78 हजार वाचले. पण त्याच वर्षी आपल्या राज्यानं साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या 7 टक्के एकरकमी वाहन कर लावला. पूर्वी तो वजनावर होता आणि कितीतरी कमी बसायचा. 9 लाख 22 हजारांवर 7 टक्के म्हणजे जवळपास 64 हजार. म्हणून शोरूमची किंमत बघून खूश होऊ नका, ऑन-रोड कोटेशन, म्हणजे कर, नोंदणी, विमा सगळं धरून, हातात घ्या. आणि ज्यांची फर्म जीएसटीत नोंदलेली आहे त्यांना तसंही इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत होतं, त्यांच्यासाठी ही कपात मोठी नाहीच.

खरा खेळ व्याजाचा आहे, आणि त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. समजा 9 लाखांचं कर्ज, मुदत 5 वर्षं. बँकेनं 10 टक्क्यांनी दिलं तर हप्ता 19,100 च्या आसपास. फायनान्स कंपनीनं 14 टक्क्यांनी दिलं तर 20,900 च्या पुढे. महिन्याला अठराशेचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पाच वर्षांत तो 1 लाख 9 हजार होतो! ज्या जीएसटी कपातीसाठी आपण एवढे हरखलो, तिच्याहून जास्त. आणि पहिलीच गाडी, इन्कम टॅक्सचे रिटर्न भरलेले नाहीत, अशा पोराला चढा दरच लावला जातो. कमी डाऊन पेमेंट ही सवलत नाही, ते जास्तीचं कर्ज आहे. भावाला शक्य असेल तर दोन वर्षांचे रिटर्न भरायला लावा आणि निदान 2 लाख तरी स्वतःचे घाला.

भाड्याच्या गाडीबद्दल तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. माल तोडून बांधावर पडलाय आणि गाडी येत नाही, तो जीव टांगणीला लागण्याचा प्रकार आहे. पण नारायणगावहून माळशेजमार्गे वाशी आणि परत म्हणजे तीनशे किलोमीटरच्या वर. डिझेलच बावीसशे-तेवीसशेचं, वर टोल, चहापाणी, टायरची झीज. हंगामात ही खेप परवडते. हंगाम उतरल्यावर काय? हप्ता दर महिन्याच्या त्याच तारखेला कापला जातो. म्हणून मी म्हणतो, हप्ता सर्वात रिकाम्या महिन्याच्या कमाईवर मोजा. त्या महिन्यात खत-बियाणं, वीट-वाळू, पोल्ट्रीचं खाद्य, डेअरी, असं काय मिळणार आहे ते गाडीच्या आधी ठरलेलं हवं. निदान दोन बांधील गिऱ्हाइकं तरी.

"1.7 टनी गाडी अडीच टन सहज ओढते" हे तुमचं वाक्य मात्र मी सोडून देऊ शकत नाही. ओढते, मान्य. पण 20 किलोचा क्रेट रिकाम्या क्रेटच्या वजनासकट 22 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे कायद्यानं सत्तर-पंचाहत्तर क्रेट. तुम्ही एकशे दहाच्या हिशेबानं भाडं धरलंय. ओव्हरलोडचा दंड 20 हजार, वर जादा टनाला 2 हजार. एकदा पकडलं तर एका हप्त्याएवढी रक्कम गेली. आणि माळशेजच्या उतारावर तेवढं वजन घेऊन ब्रेक तापले, तर स्टिअरिंगवर तुमचा भाऊ आहे. हे लिहिताना मला खरोखर काळजी वाटते. जादा माल असेल तर दुसरी खेप धरा, नाहीतर जास्त टनेजचीच गाडी घ्या.

गाडी मिळण्याबद्दल. दसऱ्याला दारात हवी म्हणून आठवडाभर आधी शोरूमला गेलात, तर यार्डात उभी असेल तीच गळ्यात पडते. तुम्हाला लांब हौदा हवा असतो, मिळते आखूड. सीएनजी हवी असते, मिळते डिझेल. नको असलेल्या ॲक्सेसरीज आणि शोरूमचाच विमा वर येतो. दीड-दोन महिने आधी बुक करा, पावतीवर मॉडेल, हौद्याची लांबी, इंधन आणि टनेज लिहून घ्या. डिलिव्हरीच्या वेळी फॉर्म 21 वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, उत्पादनाचा महिना-वर्ष बघा, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत घेत असाल तर, कारण तेव्हा गेल्या वर्षीची गाडी गळ्यात पडू शकते. आणखी एक: एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, 1.7 टनी त्याच्या वर जाते. भावाचा माल बहुतेक आळेफाटा-मंचर पट्ट्यातच फिरणार असेल, तर लहान गाडीही बघा. टाटांची एस प्रो जून 2025 मध्ये 3 लाख 99 हजारांपासून आली, 750 किलोची. वाशीच्या खेपेला ती पुरणार नाही, पण किराणा आणि भाजी पोचवायला पुरते, आणि हप्ता निम्म्यावर येतो.

राज्य सरकारच्या अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या कर्ज योजनेबद्दल तुम्ही विचारलंत. पात्र असाल तर जरूर अर्ज करा, गाडी उचलायच्या आधी. फक्त तो व्याजाचा परतावा आहे: हप्ता आधी स्वतः, वेळेवर भरायचा, मग पैसे खात्यात येतात. हप्ते थकले तर परतावाही अडकतो. म्हणजे सुरुवातीच्या तीन-चार हप्त्यांची रक्कम बाजूला हवीच.

भावाला गेल्या वर्षभरातल्या भाड्यांची वही काढायला सांगा, महिन्यावार किती खेपा, कुठे, कितीला. आणि दोन ठिकाणची कोटेशनं, एक बँकेचं, एक फायनान्सचं. इथेच प्रतिक्रियेत टाका, आपण त्याच्या आकड्यांवर बसून हिशेब मांडू. ऑगस्टच्या आत टाकलंत तर दसऱ्याचं बुकिंग वेळेत होईल.