‘वस्तऱ्याचं फॅड’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘पंचवटीतला जुना वाचक’ एवढीच सही आहे. निवृत्तीचा उल्लेख केलात म्हणून काका म्हणतोय, चालवून घ्या.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मानेवरच्या पुरळाला कंटाळून मी पाच पात्यांचं कार्ट्रिज सोडलं, उघडा वस्तरा हातात घेतला आणि मान शांत झाली. त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत. हे सगळं फॅड आहे; पुरळ येतं ते घाईमुळे, त्यात पात्याचा काही दोष नाही; तुम्ही चाळीस वर्षं साध्या रेझरने दाढी केलीत, एक फोड आला नाही; हजारोंचा जर्मन वस्तरा घेण्यापेक्षा आपल्या नाशिकच्या रविवार कारंजावरच्या सलूनमध्ये जाऊन बसावं; आणि उद्या हे वाचून एखाद्या पोराने गळा कापून घेतला तर जबाबदार कोण? शेवटी जाता जाता विचारलंत, की पुतण्याच्या मानेवरही असेच फोड येतात, त्याने काय करावं.

सुरुवात ‘पात्याचा काही दोष नाही’पासून करतो, कारण तेवढं मला मुळीच मान्य नाही.

तुमचा तो साधा रेझर, म्हणजे दांडी फिरवली की वरचं झाकण निघतं आणि आत दोन धारांचं एक पातं बसवायचं, तोच ना? किंग कँप जिलेट यांना ज्याचं पेटंट १९०४ साली मिळालं त्याच वंशातला. मग तुम्ही चाळीस वर्षं एका पात्यानेच दाढी करताय! मी एवढी उलाढाल करून जिथे पोचलो तिथे तुम्ही आधीपासूनच बसलेले आहात. तुमचा अनुभव माझ्याविरुद्धचा पुरावा नाही, माझ्याच बाजूची साक्ष आहे.

बिघडलं ते एकाची दोन पाती झाल्यावर. जिलेट कंपनीने दोन पात्यांचा ट्रॅक टू १९७१ मध्ये आणला, तीन पात्यांचा मॅक थ्री १९९८ मध्ये आणि पाच पात्यांचा फ्यूजन २००६ मध्ये. यामागची कल्पना कंपन्या जाहिरातींतही अभिमानाने सांगत आल्या आहेत: पहिलं पातं केस पकडून किंचित वर ओढतं आणि तो परत खाली बसायच्या आत मागचं पातं त्याला कापतं. उरलेला केस मग कातडीच्या पातळीखाली जातो. ज्याचे केस सरळ आहेत त्याला याचं सुख वाटतं, हात फिरवला की गाल लोण्यासारखा. पण ज्याचे केस राठ आणि कुरळे आहेत त्याचा तोच केस तिरपा कापला जाऊन टोकदार होतो, वाढताना बाहेरची वाट सोडून वळतो आणि छिद्राच्या आतल्या भिंतीतच घुसतो. शरीराच्या लेखी ते कुसळच. मग लाली, फोड, खाज. डॉक्टरांच्या भाषेत याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. यात ‘स्यूडो’, म्हणजे खोटा, अशासाठी, की दिसायला संसर्ग वाटतो पण मूळ कारण जंतू नसून आपलाच केस असतो.

त्यामुळे ‘नीट दाढी केली असती तर पाच पात्यांनीही काही झालं नसतं’ हे कुरळ्या केसांच्या माणसाला सांगून उपयोग नाही. ते यंत्र जे करायला बनवलंय तेच करतंय, आणि नेमकं तेच आम्हाला नडतं.

आता सवयींबद्दल. तिथे तुमच्या बोलण्यात भरपूर तथ्य आहे, फक्त निष्कर्ष उलटा निघतो. वस्तऱ्यामुळे मान सुधारली यात एका पात्याचा वाटा मोठा, पण वस्तरा वाईट सवयी चालू देत नाही याचाही तितकाच. कार्ट्रिजचं डोकं लवचीक असतं, रेटून ओढलं तरी ते निभावून नेतं; नुकसान लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी फोड दिसतात तेव्हा आपण साबणाला शिव्या घालतो. वस्तऱ्याला जोर लावला की त्याच क्षणी आग होते आणि आरशात लाल ठिपका उमटतो. हात आपोआप हलका होतो. उपदेश न ऐकणाऱ्या माझ्यासारख्यांना असाच मास्तर लागतो.

मानेवरचं उदाहरण घ्या. माझ्या उजव्या जबड्याच्या कोनाखाली रुपयाच्या नाण्याएवढा एक पट्टा आहे, तिथले केस खाली न जाता कानाकडे आडवे झोपलेले आहेत. कंठमण्याच्या बाजूला तर भोवराच आहे. कार्ट्रिजने मी सगळीकडे खालून वर सपासप ओढायचो, म्हणजे त्या पट्ट्यात केसांच्या विरुद्ध. वस्तरा घेतल्यावर आधी दोन दिवस दाढी वाढवून, बोट चारी दिशांनी फिरवून कुठे अडतं आणि कुठे सरकतं ते बघावं लागलं. आता तिथे पातं कानाच्या दिशेने जातं. वस्तऱ्याची पाठ गालापासून थोडीच उचललेली, साधारण तीस अंश. कोन बरोबर असला की खसखस असा बारीक, एकसारखा आवाज येतो. कोन वाढला की तो खरखरीत होतो आणि पातं केस कापायच्या ऐवजी कातडी खरवडायला लागतं. बाथरूममध्ये रेडिओ लावायची सवय मला या एका कारणाने सोडावी लागली.

एक गोष्ट मागच्या लेखात राहिली होती, ती तुमच्या निमित्ताने लिहितो. वस्तऱ्यानेसुद्धा कातडी करकचून ताणली आणि उलटा, म्हणजे केसांच्या विरुद्ध, हात मारला तर केस पातळीखालीच कापला जातो आणि फोड परत येतात. ताण लागतो, पण पातं अडणार नाही एवढाच. आणि मानेवर उलटा हात मारायचा नाहीच. दाढी केल्यावरही हाताला किंचित खरखर लागायला हवी. ज्यांना काचेसारखी गुळगुळीत दाढी आणि शांत मान दोन्ही हवं आहे, त्यांना बहुधा एकावर पाणी सोडावं लागेल.

पाण्यावरून आठवलं. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. म्हणून दाढी अंघोळीनंतर. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत उन्हाळा लागला की टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. ते इतकं जड की ब्रश कितीही घोळवा, फेसाऐवजी पांढरट चिकटा तयार होतो. साबण पाण्यातल्या कॅल्शियमशी बांधला जातो आणि फेसाला उरतच नाही. तेव्हा ब्रश भिजवायला पिण्याच्या फिल्टरचं वाटीभर पाणी घेतो. बायको हसते, पण फेस टिकतो.

सलूनचं म्हणाल तर कटिंगला मी तिथेच जातो. कारागीर नवं पातं कागदासकट मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात सरकवतो, उरलेलं अर्धं कागदात गुंडाळून ठेवतो. ते बघायला मला आजही आवडतं. दाढीला मात्र बसत नाही. गिऱ्हाइकाला गुळगुळीत हवं असतं म्हणून दुसरा हात उलटाच येतो, वर तुरटी घासली जाते, वर वासाचं आफ्टरशेव्ह. त्यात कारागिराचा दोष नाही, माझ्या मानेला ते झेपत नाही इतकंच. स्वच्छतेचं म्हणाल तर नव्या पात्याबरोबर पातं धरणारा भाग पुसलाय का हेही बघावं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. रामकुंडावर क्षौराला बसलात, विशेषतः सिंहस्थाच्या गर्दीत, तर नवं पातं डोळ्यांदेखत मोडायला सांगा. कुणी रागावत नाही. आणि घरातला वस्तरा भावाभावांनीसुद्धा वाटून वापरायचा नाही.

खर्चाबाबत तुमचं बरोबर आहे, वाद नाही. जर्मनीतल्या झोलिंगेनचा चांगला वस्तरा, धार सरळ करायचा चामड्याचा पट्टा आणि धार लावायचे दगड मिळून रक्कम चांगलीच होते. पुरळ घालवायला यातलं काही आवश्यक नाही. ज्याला फक्त मान शांत हवी आहे त्याने तुमच्यासारखा साधा रेझर घ्यावा. सलूनमध्ये असतो तसा, अर्धं पातं बसवायचा वस्तराही स्वस्तात मिळतो. त्याला पट्टा नको, दगड नको. पण तो वजनाला हलका आणि पातं पातळ नि ताठ, त्यामुळे शिकाऊ हाताला तो जास्त चावतो. स्वस्त आहे म्हणून सोपा असेल असं समजू नका.

मग मी महागडा का घेतला? कारण मला आवडतो! मी अंबडच्या कारखान्यात टूलरूमला आहे. धार, ग्राइंडिंग, सहाण हे माझं रोजचं काम. आमच्याकडच्या भिंगाखाली वापरलेलं पातं धरलं तर धारेवर उंदराने कुरतडल्यासारखे दाते दिसतात. पोलादापेक्षा केस पन्नासेक पट मऊ, तरी पोलादाचाच टवका उडतो. का, त्याचा अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला: केस कापला जाताना वाकतो आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे धार तिरप्या ताणाने चिरते. बदलायचं पातं असेल तर आपण ते फेकून देतो. वस्तऱ्याची धार दर वेळी पट्ट्यावर सरळ करायची, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. उलट फिरवलात तर पट्टा कापला गेलाच म्हणून समजा. आणि अधूनमधून दगडावर, तिथे मात्र धार पुढे. पावसाळ्यात कार्बन पोलादाला एका रात्रीत गंजाचे ठिपके धरतात, म्हणून पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात द्यायचा. खोबरेल नको, ते पुढे खवट होतं आणि आपल्याकडच्या थंडीत थिजतं ते वेगळंच. हा सगळा माझा छंद आहे, तो कुणाच्या गळ्यात बांधायचा नाही. तुम्ही त्याला फॅड म्हणा, माझी हरकत नाही. फक्त एका पात्याच्या मुद्द्याला फॅड म्हणू नका.

आता जबाबदारीचा प्रश्न. वस्तऱ्याने होणाऱ्या बहुतेक जखमा वरवरच्या आणि त्या एका चुकीने होतात: पातं धारेच्या दिशेने आडवं सरकतं. केस कापायला पातं धारेला काटकोनात पुढे जायला हवं. भाजी चिरताना सुरी सरकवतो तसं सरकलं की कातडी उघडलीच. म्हणून सुरुवात फक्त गालांवर करावी, बाकीची दाढी जुन्या रेझरने. हनुवटी आणि मान सगळ्यात शेवटी, तीही घाई नसेल त्याच दिवशी. हात थरथरतो, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत, किंवा बाथरूमचं दार ढकलून लहान मूल आत येऊ शकतं, यांपैकी काहीही असेल तर वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नये. ओला वस्तरा हातातून निसटला तर झेलायचा नाही, पडू द्यायचा. धार गेली तर लावता येते. आणि प्रवासात तो विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही. हे सगळं मागच्या लेखाच्या शेवटी आहे, पण शेवट वाचतं कोण? आता वर टाकतो.

पुतण्याला मात्र वस्तरा सुचवू नका. अजून तरी नको. आधी फोड कसले आहेत ते बघा. दाढी झाल्या झाल्या आग आणि लाली येऊन दिवसभरात ओसरत असेल तर ते घासल्यामुळे. दोन-तीन दिवसांनी फोड येत असतील आणि त्यात वळलेला केस दिसत असेल तर माझ्यासारखंच. पण पिवळा पू, पसरत जाणारा गोल चट्टा, किंवा ठरावीक क्रीम लावल्यावरच खाज, असं असेल तर पातं बदलून काहीही होणार नाही. संसर्ग, बुरशी किंवा वासाच्या द्रव्याची ॲलर्जी असू शकते आणि ते म्हणजे आजार म्हशीला नि औषध पखालीला. मेडिकलमधून स्टिरॉइडचं मलम तर अजिबात आणू देऊ नका. बुरशी असेल तर त्याने ती चेहराभर पसरते.

वळलेले केसच असतील तर काही आठवडे दाढी वाढू द्यावी. ऑफिसात चालत नसेल तर ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवून कापावी. त्वचारोगतज्ज्ञही बहुधा आधी हेच सांगतात. आत वळलेलं टोक वर दिसलं तर सुईने अलगद सोडवायचं, उपटायचं नाही. उपटला की येणारा नवा केस परत आतच वळू शकतो. फोड बसल्यावर तुमच्याकडचाच एखादा साधा रेझर द्या, नवं पातं, केसांच्या दिशेने एकच हात, जोर न लावता. तुमच्या हाताखाली तो माझ्या लेखापेक्षा लवकर शिकेल. तरीही फोड आले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. डाग आणि गाठी राहायला लागल्या असतील तर लेझरचाही पर्याय असतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.