समुद्राला मिळणारे पाणी वाया जात नाही

कोकणातल्या नद्यांचे पाणी मराठवाड्याकडे वळवण्याचा विषय निघाला की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी समुद्रात फुकट जाते, खाडीत चिखल आणि किड्यांशिवाय काही नसते आणि अथांग समुद्राला थोडे पाणी कमी मिळाल्याने काही बिघडत नाही, असे त्यात म्हटलेले असते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या मुलखात हे चटकन पटते. तरीही ही विधाने तपासल्यावर टिकत नाहीत.

खाडीचा चिखल निर्जीव असतो, हे त्यातले सर्वांत चुकीचे विधान. ओहोटीला उघडा पडलेला गाळ कापून पाहिला, तर वरच्या पातळ थराखाली तो काळा व कुजकट वासाचा असतो, कारण तिथवर प्राणवायू पोहोचत नाही; पण त्या काळ्या गाळातही कृमींच्या बिळांभोवती तांबूस कडी दिसतात, कारण हे कृमी अंग हलवून बिळात पाणी खेळवतात आणि त्यासोबत प्राणवायू खाली उतरतो. आपल्या काळ्या रानात गांडूळ जे करते, तेच काम ते तिथे करतात. तिसऱ्या नावाचे व इतर शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म अन्नकण खातात, आणि ओहोटीच्या वेळी चिखलात चाचपून तिसऱ्या वेचणाऱ्या बायांची मिळकत त्यांवरच अवलंबून असते. पैठणच्या नाथसागरावर येणारा मोठा रोहित पक्षीही उथळ चिखलातले असेच जीव चोचीने गाळून खातो.

समुद्र अथांग आहे हे खरे, परंतु हे जीव खोल समुद्रात राहत नाहीत. गोडे आणि खारे पाणी जिथे मिसळते त्या चिंचोळ्या पट्ट्यात ते जगतात. कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले खाडीत वाढतात. याउलट, ज्याचे बीज तलावांत सोडले जाते त्या गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याची पिल्ले सुरुवातीला मचूळ पाण्यातच तगतात. नदीचे पाणी घटले की खारटपणा आत सरकतो आणि नवा गाळही येत नाही. यासाठी कोकणात जाण्याचीही गरज नाही: धरणांमुळे आपल्या गोदावरीच्या मुखाशी पोहोचणारा गाळ १९७० च्या दशकाच्या तुलनेत १९९० च्या दशकात निम्म्याहून कमी झाला, आणि आंध्रातल्या तिच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजला.

माणसे तहानलेली असताना किड्यांची काळजी कशाला, या प्रश्नामागची वेदना आमचीच आहे आणि पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, याबद्दल दुमत नाही. मात्र मराठवाड्याला पिण्यासाठी लागणारे पाणी उसाला लागणाऱ्या पाण्यापुढे फार थोडे आहे, हे संदेश पुढे पाठवणारे सांगत नाहीत. पाणी वळवायचेच असेल, तर प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी त्या नदीच्या खाडीत पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तळातल्या जीवांची मोजणी व खारटपणाची नोंद व्हायला हवी, आणि कोणत्या महिन्यात किती पाणी खाली सोडावेच लागेल, हे त्यावरून ठरायला हवे. ही मागणी मराठवाड्यातूनही झाली पाहिजे.