सफरचंदाचा तक्ता आणि संत्रापट्ट्यातली पोरं

जीवनचक्राचा तयार तक्ता कुठूनही आणा, एकसारखाच निघतो. बी, कोंब, रोप, झाड, फूल, फळ, आणि बाण फिरून परत बीवर. त्यातलं झाड बरेचदा सफरचंदाचं असतं. विदर्भातल्या वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या भागातली पोरं संत्र्याच्या बगिच्यात खेळून मोठी होतात. त्यांच्यापुढे सफरचंद टांगून फळझाड शिकवणं मला अजिबात पटत नाही. मी याच भागात प्राथमिकच्या वर्गांना शिकवते, म्हणून हे लिहिते आहे.

चौथीच्या वर्गात "बी पेरली की झाड येतं" असं म्हणून पाहा. कोणीतरी हात वर करतंच. "मॅडम, आमच्या बगिच्यातले झाडं तं बीचे नाहीत. बाबानं पन्हेरी आणली होती."

पन्हेरी म्हणजे रोपवाटिकेतली तयार कलमं. पोराचं बरोबर आहे, तक्ताच अपुरा आहे. बगिच्यातलं संत्र्याचं झाड दोन झाडं मिळून होतं. खाली जंबेरी, म्हणजे खडबडीत सालीचं काटेरी लिंबू, वर संत्रा. आधी जंबेरीची बी टाकतात. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला चीर देतात, संत्र्याच्या चांगल्या झाडाच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते ती कळी, सालीसकट काढून त्या चिरेत बसवतात आणि पट्टी गुंडाळतात. डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. तिथून पुढे मुळं जंबेरीची आणि फळ संत्र्याचं. लहान मुलांना हे अवघड जाईल असं म्हणणाऱ्यांनी एकदा वर्गात सांगून पाहावं. लगेच प्रश्न येतो, "मग त्याची माय कोणती?" आणि त्यावर वर्गात खरंखुरं भांडण लागतं. जंबेरीची बाजू घेणारे असतात, डोळ्याची घेणारे असतात. मग बगिच्यात नेऊन डोळ्याच्या खालून फुटलेला काटेरी फुटवा दाखवायचा. तो जंबेरीचा असतो, म्हणूनच बाप तो दिसला की मोडून टाकतो. जमिनीपासून डोळा वर का ठेवायचा हेही तिथेच सांगता येतं. डोळ्याला ओली माती लागून राहिली की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागण्याची भीती असते, आणि डिंक्यानं वाळलेली झाडं या पोरांनी पाहिलेली असतात.

बीसुद्धा सोडू नका. संत्र्याच्या एका बीतून कधी दोन, कधी तीन कोंब निघतात. ओल्या कापडात बिया गुंडाळून ठेवल्या की मुलं स्वतः बघतात. त्यातले बहुतेक कोंब थेट आईच्या पेशींपासून झालेले असतात, म्हणजे हुबेहूब आईसारखे. कोणत्याही तक्त्यात न मावणारी ही गोष्ट तिसरीतलं पोरगं तळहातावर घेऊन बघू शकतं.

बहाराचंही तेच. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया, पावसाळ्याच्या तोंडावर फुलतो तो मृग. झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की फूल धरतं, हे घरी रोज बोललं जातं. शाळेत मात्र फूल जणू आपोआप येतं! घरी ऐकलेलं शाळेत उपयोगाचं नाही असं मुलाला वाटायला लागतं, त्याचं मला फार वाईट वाटतं.

अडचण एकच, आणि ती खरी आहे. संत्र्याला पहिली फळं यायला चार-पाच वर्षं जातात. पहिलीत लावलेलं झाड बहरेपर्यंत पोरगं शाळा सोडून गेलेलं असतं. म्हणून सोबत पपई लावावी. बियांवरचा बुळबुळीत पापुद्रा राखेत चोळून काढायचा आणि जुलैत पेरायचं. हिवाळ्यात फुलं दिसतात, उन्हाळी सुट्टीच्या आत झाडाला फळं लोंबतात. बी ते फळ, एकाच इयत्तेत. एखादं झाड नर निघतं, लांब दांड्यांवर नुसती फुलं. ते उपटू नका, तोही पाठच आहे.

आणि वृक्षारोपणाच्या दिवशी फोटोपुरती पन्नास रोपं लावणं थांबवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, शाळेला कुलूप असतं, जूनअखेर दार उघडलं की नुसत्या काड्या उभ्या. झाडाला पाणी न घालता ते मरताना पाहणं, याहून वाईट शिकवण कोणती? दोनच लावा. पण उन्हाळ्यात कोण पाणी घालणार त्या घराचं नाव आधी ठरवा.

म्हातारं झाडही दाखवा. जुने बगिचे मोडले जातात, मुळं उपसली जातात, हे पोरं बघतातच. चक्रातून तेवढंच वगळलं तर पोरगं गुपचूप समजतं की याबद्दल शाळेत बोलायचं नसतं.

रोपांवर डोळे बांधणारे काका हिवाळ्यात कामात असतात, तरी बोलावलं तर तासभर येतात. त्यांना फळ्यासमोर उभं करू नका, ओट्यावर बसवा आणि हाताशी जंबेरीच्या कुंड्या द्या. ती जंबेरी मुलांनीच आदल्या वर्षी पेरलेली हवी, म्हणजे तिसरीनं टाकलेली बी चौथीत डोळा बांधायला येते. आमच्या तिसरीनं या वर्षीची बी टाकली आहे.