एका सहीने जन्मली, एका सहीने मेली?

‘यूएसएड केनेडींच्या एका सहीने जन्मली, ट्रम्प यांच्या एका सहीने मेली. अमेरिकेच्या बजेटचा चौथा हिस्सा वाचला. जगभर नोटा वाटणं बंद. आता संसदेत येणारी विधेयकं म्हणजे निव्वळ औपचारिकता.’ अशा आशयाचा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. (यूएसएड म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था.) चारही वाक्यं साफ खोटी आहेत असं नाही. पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे, म्हणून तेच जास्त फसवं.

‘एका सहीने जन्मली…’

नोव्हेंबर १९६१ मध्ये केनेडींनी आदेश काढून ही संस्था उभी केली, हे खरं. पण दोनच महिने आधी परकीय मदत कायदा झाला होता आणि आदेश त्याच्या जोरावर निघाला. शिवाय मेसेज १९६१लाच थांबतो. मुद्द्याची गोष्ट घडली १९९८ मध्ये. सिनेटर जेसी हेल्म्स यांना यूएसएड परराष्ट्र खात्यात जिरवायची होती. बऱ्याच ओढाताणीनंतर कायदा झाला, त्यात परदेशांत अमेरिकेची बाजू मांडणारी माहिती संस्था आणि शस्त्रनियंत्रण संस्था परराष्ट्र खात्यात गेल्या. यूएसएडला मात्र कायद्यातच जागा मिळाली. ती गुंडाळायची असेल तर राष्ट्राध्यक्षांनी ६० दिवसांत आराखडा द्यावा, अशी सोय होती. क्लिंटन यांनी संस्था ठेवली, मुदत संपली.

मार्च २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर केलं. १ जुलैला उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं, तेव्हाही १९९८चं कलम जागच्या जागीच होतं. घराला कुलूप लागलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव पुसलं जात नाही.

‘चौथा हिस्सा वाचला’

परकीय मदत एकूण केंद्रीय खर्चाच्या साधारण एक टक्का होती. सगळी बंद केली तरी चौथा हिस्सा येणार कुठून? हा गैरसमज खुद्द अमेरिकेतही जुना आहे. तिथल्या जनमत चाचण्यांत लोक सरासरी पंचवीस टक्क्यांच्या आसपास अंदाज सांगतात.

‘नोटा वाटणं’

अन्नमदतीचं पोतं डोळ्यांसमोर आणा. त्यावर हस्तांदोलन करणारे दोन हात आणि ‘अमेरिकी जनतेकडून’ ही अक्षरं. ‘फूड फॉर पीस’ या अन्नमदत कार्यक्रमाच्या पोत्यातलं धान्य मुख्यतः अमेरिकी शेतकऱ्याकडून घेतलेलं, आणि त्यातलं निदान निम्मं अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच न्यायचं, असा कायदा. म्हणजे पैशाचा मोठा वाटा घरातच फिरतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये हा कार्यक्रम कृषी खात्याकडे देण्याचं विधेयक कोणी आणलं? कॅन्सससारख्या शेतीप्रधान राज्याचे सिनेटर जेरी मोरन यांनी, आणि ते ट्रम्प यांच्याच पक्षाचे. याचा अर्थ सगळी मदत कामाची होती असा नाही. उधळपट्टी होती, सल्लागारांच्या कंपन्या गब्बर झाल्या होत्या. त्यावर जरूर बोला, पण नोटांची पुडकी विमानातून फेकली जात होती असं चित्र रंगवू नका.

‘विधेयक ही औपचारिकता’

इथे मेसेज पुरता घसरतो. अमेरिकेत काँग्रेस (म्हणजे त्यांची संसद, आपला पक्ष नव्हे) दोन वेगळी कामं करते: खात्याने काय करावं हे ठरवणारा अधिकृतता कायदा, आणि पैसे देणारा खर्चाचा कायदा. परराष्ट्र खात्यासाठी पहिला कायदा स्वतंत्रपणे, पूर्ण स्वरूपात शेवटचा झाला २००२ मध्ये. त्यानंतर तुकडे संरक्षण विधेयकाला शेपटासारखे जोडले गेले. अधिकृतता नसेल तर खात्याने खर्च करू नये, असं १९५६चा कायदा सांगतो. त्यातून दरवर्षी खर्चाच्या कायद्यात एक ओळ घालून सूट दिली जाते. ही पळवाट वर्षानुवर्षे चालली, तेव्हा दोन्ही पक्ष गप्पच होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रायन मास्ट अध्यक्ष असलेल्या, काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातल्या परराष्ट्र व्यवहार समितीने खात्याच्या पुनर्रचनेची विधेयकं हाती घेतली ती या पार्श्वभूमीवर. विलीनीकरण म्हणजे पाप नाही. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाने २०१३ मध्ये, ब्रिटनने २०२० मध्ये तेच केलं. प्रश्न कोणत्या कामाला कायद्याचा आधार राहणार, हा आहे.

तो किती खरा आहे ते त्याच वर्षी दोनदा दिसलं. जुलैत मंजूर निधी परत घेण्यासाठी सरकारला काँग्रेसकडेच यावं लागलं; सुमारे ९ अब्ज डॉलरची कपात झाली, पण एड्सविरोधी कार्यक्रमाचे ४० कोटी सिनेटने यादीतून काढून वाचवले. ऑगस्टच्या अखेरीस मात्र सरकारने ४.९ अब्ज डॉलर रोखून धरले. आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, त्यामुळे काँग्रेसने नकार द्यायच्या आतच हे पैसे वापरायची मुदत संपणार होती. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबरला त्यातले बहुतांश पैसे तूर्त रोखून ठेवू दिले.